ग्लॅडस्टनसाहेबांचें शील व त्यांचें यूरोपीय राजकारण

एके काळीं आमच्या इकडील सुशिक्षित मंडळींत ज्या इंग्रज मुत्सद्द्यांचीं नांवें देवादिकांच्या नांवांसारखीं आदरानें घेतलीं जात, त्यांत विल्यम एवर्ट ग्लॅडस्टन यांचें नांव अगदीं पहिल्या ओळीचें होतें. सभेंत उभ्या राहिलेल्या वक्त्यास इंग्लंडच्या न्यायबुद्धीचा दाखला द्यावयाचा झाला म्हणजे ब्राइट आणि ग्लॅडस्टन यांचें स्मरण केल्यावांचून त्याचें पाऊल पुढें पडत नसे. पुढें दिवस पालटले. इंग्रजांची नीति म्हणजे ओठांत एक आणि पोटांत एक, असा एका वाक्यांत निकाल देऊन त्याच नांवाची थट्टा करणें हें चतुरपणाचें लक्षण ठरलें. आम्हांस ती पूजाही मान्य नाहीं व ही थट्टाही मान्य नाहीं. कारण दोहोंतही चोपड्या उघडून पाहण्याचे श्रम टाळलेले आहेत. आणि या गृहस्थांच्या बाबतींत चोपड्यांस तोटा नाहीं. १८२५ सालीं, वयाचीं पंधरा वर्षें पुरीं झालीं असतां, त्यांनीं रोजनिशी लिहिण्यास आरंभ केला व ती १८९६ पर्यंत, म्हणजे ७१ वर्षें, चालविली. आपल्या प्रत्येक घटकेचा हिशेब एक दिवस परमेश्वरापुढें द्यावा लागणार या समजुतीनें लिहिलेली ती रोजकीर्दच होती. १९६८ ते १९९४ च्या दरम्यान ती चौदा खंडांत छापून निघाली, तेव्हां हयातींत त्यांच्या शत्रूंसही जें ठाऊक नव्हतें तें जगापुढें आलें. व्यापारी पेठेंतील आमच्या वाचकांस कीर्द वाचतां येते. खतावणी तेवढी आपण करूं.

ग्लॅडस्टन यांचा जन्म १८०९ च्या डिसेंबर महिन्याच्या २९ व्या तारखेस लिव्हरपूल येथें झाला. त्यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन हे मूळचे स्कॉटलंडचे. लिव्हरपुलास येऊन त्यांनीं व्यापारांत अपार पैसा मिळविला. तो कोणत्या मार्गानें मिळाला हें न सांगतां पुढें जाणें म्हणजे मुद्दलाचें पानच फाडून टाकणें होय. डेमेरारा व जमेका येथें त्यांचे उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांवर दोन हजारांहून अधिक गुलाम राबत होते. १८३३ सालीं पार्लमेंटनें गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हां नुकसानभरपाई मिळाली ती राबणाऱ्यांस नव्हे, मालकांस. आणि जॉन ग्लॅडस्टन यांच्या पदरीं तींतील एक लाख पौंडांहून अधिक रक्कम पडली. गुलाम सुटल्यावर मळ्यांस हात कमी पडूं नयेत म्हणून १८३८ सालीं कलकत्त्याहून करारानें बांधलेल्या हिंदी मजुरांचीं दोन जहाजें डेमेराऱ्यास गेलीं. त्या व्यवहारांतही याच गृहस्थांचा पुढाकार होता. चिरंजीव विल्यम हे ईटन व ऑक्सफर्ड येथें शिकून, १८३१ सालीं भाषा व गणित या दोन्ही विषयांत पहिल्या वर्गाचा मान मिळवून, १८३२ च्या अखेरीस टोरी पक्षाकडून पार्लमेंटांत शिरले. तेथें त्यांनीं केलेलें पहिलें महत्त्वाचें भाषण बापाच्या मळ्यांवरील व्यवस्थेचें समर्थन करण्यासाठीं होतें. पुढें ज्यांनीं अर्ध्या यूरोपास दुर्बळांच्या हक्कांचा पाठ दिला, त्यांच्या कीर्दीचें पहिलें पान हें असें आहे.

परंतु माणूस वाढत होता. १८४० सालीं अफूवरून चीनशीं युद्ध करण्याचा बेत पार्लमेंटपुढें आला, तेव्हां तिशी नुकतीच गांठलेल्या या सभासदानें त्या युद्धाच्या अन्यायीपणावर कडक टीका केली. माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जाई व तिच्यावर आमच्या इकडीलही कित्येक पेढ्या गबर झाल्या होत्या, ही गोष्ट येथें आठवली पाहिजे. मात्र पुढें स्वतः मुख्य प्रधान झाल्यावर हिंदुस्थान सरकारचें अफूचें उत्पन्न त्यांनीं बंद केलें नाहीं, हेंही त्याच पानावर नोंदून ठेवावें. विरोधी बाकावर बसून जें पाप स्पष्ट दिसतें तें खजिन्याच्या किल्ल्या हातीं आल्यावर अंधुक कां दिसूं लागतें, हा प्रश्न या चरित्रांत पुन्हां पुन्हां उभा राहतो.

यूरोपीय राजकारणाविषयींचें त्यांचें मत प्रथम स्पष्ट झालें तें १८५० सालीं. डॉन पॅसिफिको नांवाचा जिब्राल्टरचा एक यहुदी अथेन्स शहरीं राहत असे. जमावानें त्याचें घर लुटलें. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यानें भली मोठी भरपाई मागितली व ती वसूल करण्यासाठीं परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांनीं ग्रीससारख्या चिमुकल्या राष्ट्राच्या बंदरावर आरमार पाठवून नाकेबंदी केली. इंग्रज मनुष्य जगांत कोठेंही असो, त्याच्या पाठीशीं इंग्लंडचा हात आहे, अशा आशयाचें भाषण करून पामर्स्टन यांनीं सभागृह डोलावलें. ग्लॅडस्टन यांनीं याला विरोध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, राष्ट्रें लहान असोत कीं मोठीं, त्यांस एकच माप लागू असलें पाहिजे. बलाढ्य राष्ट्राशीं जी भाषा आपण बोललों नसतों ती दुबळ्याशीं बोलणें हा पराक्रम नव्हे. मतें पडलीं तेव्हां जय पामर्स्टन यांचाच झाला, आणि लोकांनाही तेच आवडले. तथापि पुढील अर्ध्या शतकांत ग्लॅडस्टन यांनीं जें कांहीं चांगलें केलें त्याचें बीज या भाषणांत आहे, आणि जें वाईट केलें तें मोजण्याचें मापही त्यांनींच येथें आपल्या हातांत दिलें आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस मुलीच्या डोळ्यांच्या विकारामुळें हवापालट म्हणून ते सहकुटुंब नेपल्स येथें गेले. तेथील राजा दुसरा फर्डिनंड यानें १८४८ सालीं प्रजेस राज्यघटना दिली होती व संकट टळतांच ती देणाऱ्या-घेणाऱ्यांसच कैदेंत घातलें होतें. माजी मंत्री कार्लो पोएरिओ यांस २४ वर्षें बेड्यांची सजा झाली. ग्लॅडस्टन यांनीं तो खटला पाहिला, तुरुंगांत जाऊन एकाच साखळदंडानें दोघे दोघे जखडलेले कैदी पाहिले. हे या वेळीं क्रांतीचे पुरस्कर्ते नव्हते, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. राजसत्ता व धर्मसत्ता यांचे ते पक्के अभिमानी होते. पण राजा स्वतःच कायदा मोडतो आणि त्यास कायद्याचें नांव देतो, हें त्यांस सहन झालें नाहीं. १८५१ सालीं लॉर्ड अॅबर्डीन यांस लिहिलेलीं दोन पत्रें त्यांनीं छापून प्रसिद्ध केलीं, आणि पामर्स्टन यांनीं, ज्यांच्याशीं वर्षापूर्वीं त्यांचा कडाक्याचा वाद झाला त्यांनींच, तीं यूरोपच्या दरबारांकडे पाठविलीं. दहा वर्षांच्या आंत नेपल्सचें राज्य लयास गेलें व इटली एक झाली. तें कांहीं या पत्रांनीं झालें नाहीं, पण इटलीच्या देशभक्तांविषयीं इंग्लंडांत जी सहानुभूति उत्पन्न झाली तिचा मोठा भाग या पत्रांचा आहे.

क्रिमियाच्या युद्धांत (१८५४-५६) त्यांचें वर्तन आम्हांस फारसें शोभादायक वाटत नाहीं. ते खजिनदार मंत्री असतां युद्ध सुरू झालें, त्यास त्यांनीं संमति दिली, आणि मंत्रिपद सुटल्यावर १८५५ सालीं तेच तहाची मागणी करूं लागले. आयोनियन बेटांचेंही तसेंच. १८५८ सालीं त्या सात बेटांचा विशेष कारभारी म्हणून ते गेले. बेटांतील लोकांस ग्रीसशीं एक व्हावयाचें होतें, यांनीं त्यांच्यापुढें सुधारलेल्या राज्यव्यवस्थेचा मसुदा ठेवला व लोकांनीं तो नाकारला. शेवटीं १८६४ सालीं इंग्लंडनें तीं बेटें ग्रीसला आपण होऊन दिलीं. हातचा मुलूख लढाईवांचून सोडण्याचीं असलीं उदाहरणें इतिहासांत विरळा. १८६० सालीं फ्रान्सशीं कॉब्डन यांनीं केलेल्या व्यापारी तहास अनुसरून त्यांनीं शेंकडों जिनसांवरील जकात उठविली किंवा उतरविली. दोन शेजारी राष्ट्रांत मालाची ये-जा वाढली म्हणजे तोफांची गरज कमी होते, ही त्यांची श्रद्धा होती. त्याच सुमारास त्यांच्याच सरकारांत पामर्स्टन फ्रान्सच्या भीतीनें किनाऱ्यावर किल्ले बांधीत होते. १८६१ सालीं त्यांनीं कागदावरील कर रद्द केला व वृत्तपत्रें गरिबांच्या आवाक्यांत आलीं. या एका कृत्यासाठीं तरी आम्हीं पत्रकारांनीं त्यांचें ऋण मानलें पाहिजे.

आतां एक मोठी चूक व तिचें प्रायश्चित्त. अमेरिकेंत यादवी चालू असतां १८६२ च्या ऑक्टोबरांत न्यूकॅसल येथें भाषण करतांना, गुलामगिरी टिकविण्यासाठीं फुटून निघालेल्या दक्षिणेकडील संस्थानांनीं स्वतंत्र राष्ट्र निर्माण केलें आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीं मंत्रिपदावर असतां काढले. बापाच्या मळ्यांची सावली मुलाच्या बुद्धीवरून अजून सरली नव्हती, असें कोणी म्हटल्यास त्यास काय उत्तर द्यावें? उतारवयांत ही आपली घोर चूक त्यांनीं स्वतः लिहून कबूल केली आहे. त्याच वर्षीं लिव्हरपूलच्या समोरच्या बर्कनहेड येथील गोदींत बांधलेलें अलाबामा नांवाचें जहाज दक्षिणेच्या हातीं पडलें व त्यानें उत्तरेकडील व्यापाऱ्यांचीं साठांवर गलबतें धरलीं किंवा जाळलीं. युद्ध संपल्यावर अमेरिकेनें इंग्लंडकडे भरपाई मागितली. पामर्स्टन असते तर आरमार हललें असतें. ग्लॅडस्टन १८६८ सालीं मुख्य प्रधान झाले होते. त्यांनीं १८७१ च्या वॉशिंग्टनच्या तहानें हें भांडण लवादाकडे सोंपविलें. पांच पंच जिनीव्हा येथें बसले व १८७२ सालीं इंग्लंडनें १ कोट ५५ लाख डॉलर द्यावे असा निकाल झाला. देशांत संताप झाला, विरोधकांनीं नामर्दपणाचा आरोप केला. तरी पै न पै चुकती करण्यांत आली. आमच्या पेठेंत दोन सावकारांचें भांडण पंचांनीं तोडणें यांत नवल नाहीं. पण जगांतील सर्वांत बलाढ्य आरमाराच्या धन्यानें, हरण्याचा संभव ठाऊक असतांही पंचांपुढें उभें राहावें, आणि हरल्यावर रक्कम मोजावी, ही गोष्ट नवी होती. ग्लॅडस्टन यांच्या जमेच्या बाजूस याहून मोठी रक्कम आम्हांस दिसत नाहीं, कारण येथें नीतीची किंमत दुसऱ्यानें नव्हे, त्यांच्याच देशानें दिली.

१८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध जुंपलें, तेव्हां त्यांनीं दोघांशींही स्वतंत्र करार करून बेल्जमच्या तटस्थपणास हात लागल्यास इंग्लंड दुसऱ्या बाजूस मिळेल असें ठरविलें, व पार्लमेंटकडून वीस हजार शिपाई व वीस लाख पौंड मंजूर करून घेतले. बेल्जम वांचलें. आल्सेस व लोरेन प्रांत तेथील लोकांचें मत न घेतां जर्मनीनें तोडून घेऊं नयेत, याकरितां निषेध करावा असेंही त्यांच्या मनांत होतें. पण मंत्रिमंडळानें ऐकलें नाहीं, तेव्हां त्यांनीं आपलें मत एका त्रैमासिकांत निनांवी लेख लिहून मांडलें. मुख्य प्रधानानें निनांवी लिहावें हें विचित्र खरें, परंतु त्या दोन प्रांतांवरून पुढें ४४ वर्षांनीं यूरोपनें जें भोगलें तें पाहतां या लेखाची थट्टा करण्यास जीभ वळत नाहीं.

१८७४ सालीं ते निवडणूक हरले व पुढच्या वर्षीं पक्षाचें पुढारीपणही त्यांनीं सोडलें. वय ६५ होतें, हॉवर्डन येथें झाडें तोडावीं, होमर वाचावा, असा बेत होता. इतक्यांत १८७६ सालीं बल्गेरियांत तुर्की शिपायांनीं हजारों निरपराध लोकांची कत्तल केल्याच्या बातम्या आल्या. मुख्य प्रधान डिझरायली यांनीं त्या हंसण्यावारी नेल्या, कारण रशियाविरुद्ध त्यांस तुर्कस्थान हवें होतें. ग्लॅडस्टन यांनीं कंबरदुखीनें अंथरुणास खिळले असतां चोपडें लिहिलें. त्याच्या प्रती हातोहात खपल्या आणि म्हातारा पुन्हां मैदानांत उतरला. त्यांचा संताप सात्त्विक होता यांत शंका नाहीं. पण त्या चोपड्यांत त्यांनीं तुर्कांच्या सरकारास दोष देऊन न थांबतां सबंध तुर्क जातीस मानवजातीचा कलंक ठरविलें, हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. नेपल्सच्या राजाचे अपराध त्यांनीं नेपल्सच्या लोकांच्या माथीं मारले नव्हते. मग येथें दुसरें माप कां? धर्मनिष्ठ मनुष्याच्या करुणेस स्वधर्मीयांची वाट लवकर सांपडते, एवढेंच याचें कारण दिसतें.

याच वर्षांत हिंदुस्थानचाही त्यांच्याशीं संबंध आला. १८७८ सालीं डिझरायली यांनीं पार्लमेंटास न विचारतां हिंदी पलटणी माल्टा बेटावर नेल्या, त्याचा त्यांनीं निषेध केला. त्याच वर्षीं लॉर्ड लिटन यांनीं देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला, त्याविरुद्ध पार्लमेंटांत त्यांनीं ठराव आणला. तो फेंटाळला गेला, पण १८८० सालीं सत्ता हातीं येतांच त्यांनीं लॉर्ड रिपन यांस इकडे पाठविलें व १८८२ सालीं तो कायदा रद्द झाला. मराठी पत्रांच्या संपादकांनीं ग्लॅडस्टन यांचें नांव आदरानें घेतलें तें उगाच नव्हे.

१८७९ व १८८० सालीं मिडलोथियन प्रांतांत गांवोगांव फिरून त्यांनीं जीं भाषणें केलीं त्यांत परराष्ट्रीय राजकारणाचें आपलें शास्त्र सांगितलें: यूरोपच्या सर्व सत्तांनीं एकत्र विचारानें चालावें, सर्व राष्ट्रांचे हक्क समान मानावे, अफगाण डोंगरांतील झोंपडींतल्या जिवाची किंमत इंग्लंडांतील जिवाइतकीच धरावी. सामान्य मतदारांपुढें कोणा मुख्य प्रधानानें असला विषय यापूर्वीं मांडलाच नव्हता. सत्ता मिळतांच प्रयोगही झाला. माँटिनिग्रोस ठरलेला मुलूख तुर्कस्थान देईना. तेव्हां सहा सत्तांचीं जहाजें एकत्र आणून, व स्मर्ना बंदराची जकात जप्त करण्याची धमकी देऊन, १८८० च्या नोव्हेंबरांत त्यांनीं डुल्सिन्यो हें बंदर रक्तपातावांचून देवविलें. पुढील वर्षीं थेसली प्रांत ग्रीसला मिळाला. एकत्र यूरोपची कल्पना निदान एकदां तरी चालून दाखविली, हें श्रेय त्यांचेंच. (डुल्सिन्योच्या आल्बेनियन रहिवाशांस कोणीं विचारलें नाहीं, ही गोष्ट आल्सेसवरील लेखाशेजारीं ठेवून पाहावी.)

आणि मग ईजिप्त. १८७७ सालीं लिहिलेल्या एका लेखांत त्यांनीं स्वतःच बजावलें होतें कीं, ईजिप्तमध्यें एकदां पाय ठेवला म्हणजे सबंध उत्तर आफ्रिकेच्या साम्राज्याचें अंडें घातलें असें समजावें. ईजिप्तचा खेदीव कर्जांत बुडाला होता, इंग्रज व फ्रेंच अधिकारी त्याचा जमाखर्च पाहत होते, सावकारांचें व्याज आधीं व रयतेचें पोट मागून असा क्रम चालला होता. १८८१-८२ सालीं अरबी पाशा नांवाच्या शेतकरी कुळांतील लष्करी अधिकाऱ्यानें याविरुद्ध देशी लोकांची चळवळ उभारली. इटलींत ज्या चळवळीस त्यांनीं स्वातंत्र्याची चळवळ म्हटलें असतें, तिला येथें त्यांनीं लष्करी बंडखोरी म्हटलें. १८८२ च्या जून महिन्याच्या २५ व्या तारखेस कॉन्स्टँटिनोपल येथें सर्व सत्तांच्या वकिलांनीं, ईजिप्तमध्यें कोणीही स्वतःचा लाभ साधणार नाहीं, अशा कागदावर सह्या केल्या. त्यानंतर सोळाव्या दिवशीं, ११ जुलै रोजीं, ती परिषद बसलेली असतांच, फ्रेंच आरमार निघून गेलेलें पाहूनही, इंग्रज आरमारानें एकट्यानें अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. जुने मित्र जॉन ब्राइट यांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. सप्टेंबरांत तेल-एल-कबीर येथें अरबीचा मोड झाला व त्यास सिंहलद्वीपास हद्दपार केलें. या स्वारींत हिंदी पलटणी होत्या, व खर्चाचा वांटा हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. चार वर्षांपूर्वीं माल्टाच्या वेळीं निषेध करणारे तेच हे गृहस्थ!

वर सांगितलेल्या चोपड्यांतून आणखी एक नोंद निघाली आहे व ती व्यापाऱ्यांनीं नीट वाचावी. त्या सुमारास ग्लॅडस्टन यांच्या खाजगी गुंतवणुकीपैकीं एकतृतीयांशाहून अधिक रक्कम ईजिप्तच्या कर्जरोख्यांत होती, आणि देश ताब्यांत आल्यावर त्या रोख्यांचा भाव चांगलाच चढला. यावरून त्यांनीं रोख्यांसाठीं तोफा डागल्या असें म्हणणारांशीं आम्ही सहमत नाहीं. त्यांच्या साऱ्या आयुष्यांत पैशासाठीं मत विकल्याचें एकही उदाहरण नाहीं. रात्रीं लंडनच्या रस्त्यांवर पतित स्त्रियांस गांठून सन्मार्गास लावण्यासाठीं हा गृहस्थ लोकनिंदेची पर्वा न करतां हिंडे, व तेव्हां मनांत आलेल्या मोहाबद्दल स्वतःस चाबकाचे फटके मारून घेई, असें तीच रोजनिशी सांगते. इतक्या कठोरपणें मन तपासणाऱ्या माणसास आपल्या पेटींतील रोखे व आपल्या आरमाराच्या तोफा यांत कांहीं संबंध दिसूं शकतो, हा प्रश्नच सुचला नाहीं! आमच्या मतें त्यांच्या स्वभावांतील खरें वैगुण्य हेंच आहे. तें ढोंग नव्हे. ढोंगी मनुष्य दुसऱ्यास फसवितो व आपण खरें काय तें जाणतो. ग्लॅडस्टन यांस जें करणें भाग पडे तें धर्म्य आहे अशी आधीं स्वतःची खात्री पटे, आणि एकदां ती पटली म्हणजे तें सिद्ध करण्यास त्यांच्या अलौकिक वाक्पटुत्वास कारणें कमी पडत नसत. मनांतील वासना त्यांनीं तपासल्या. मनांतील सोय तपासली नाहीं.

ईजिप्तमधून लवकरच निघूं असें त्यांनीं व त्यांच्या मागून आलेल्यांनीं पुन्हां पुन्हां सांगितलें. इंग्रज फौजेचा तळ तेथून उठण्यास १९५६ साल उजाडावें लागलें. पण तात्काळ नुकसान झालें तें त्यांच्याच यूरोपीय धोरणाचें. फ्रान्स दुखावलें व १९०४ पर्यंत तें मन साफ झालें नाहीं. ईजिप्तच्या कर्जाच्या प्रत्येक प्रश्नांत जर्मनीच्या मताची गरज पडूं लागली, व बिस्मार्क त्या मताची किंमत वसूल करीत राहिले. ज्या सत्तांस एका विचारानें चालवावयाचें, त्यांच्यांतच इंग्लंड एकाकी झालें. १८८५ सालीं पंजदेह येथें रशियानें अफगाण फौजेवर हल्ला केला, तेव्हां याच शांतिवादी प्रधानानें पार्लमेंटकडून १ कोट १० लाख पौंड मागितले व मग वाटाघाटीनें तंटा मिटविला; तेवढी धमक त्यांच्यांत होती.

पुढील वर्षें आयर्लंडच्या स्वराज्यांत गेलीं, आणि त्यावर १८८६ सालीं पक्ष फुटला तरी ते मागें हटले नाहींत. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. १८९४ सालीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं, आरमाराचा वाढता खर्च पसंत न पडून त्यांनीं चवथ्या वेळचें मुख्य प्रधानपद सोडलें.

त्यांचें शेवटचें मोठें भाषण १८९६ च्या सप्टेंबरांत त्यांच्या जन्मगांवीं, लिव्हरपुलास, झालें. तुर्कस्थानांत आर्मेनियन लोकांच्या कत्तली चालल्या होत्या. दृष्टि अधू झालेला हा ८६ वर्षांचा वृद्ध उभा राहिला व म्हणाला कीं, इंग्लंडनें आपणांस यांत कोणताही लाभ नको असें जाहीर करावें, सुलतानाशीं संबंध तोडावा, वेळ पडल्यास एकट्यानें पुढें व्हावें. लाभ नको असल्याचा तसाच एक कागद चौदा वर्षांपूर्वीं यूरोपनें पाहिला होता. कोणतीही सत्ता हलली नाहीं. त्यांच्याच पक्षाचे पुढारी लॉर्ड रोझबरी यांनीं या भाषणानंतर थोड्याच दिवसांत पुढारीपण सोडलें. डिसेंबरांत, आपल्या वाढदिवशीं, ग्लॅडस्टन यांनीं रोजनिशी मिटली, आणि १८९८ च्या मे महिन्याच्या १९ व्या तारखेस हॉवर्डन येथें देह ठेविला.